पालथी डेग

१

तिला पालथी घातलीत तुम्ही, आणि आता ती काळी आहे म्हणून नाकं मुरडताही तुम्हीच. भांडं आपण होऊन काळं पडत नाही. त्याच्याखाली कुणीतरी जाळ घालतं, त्यातलं कुणीतरी पोटभर खातं, आणि घासायची वेळ आली की सगळ्यांना दुसरी कामं आठवतात.

हे मी विहारामागच्या टिनाच्या छपरीत उभी राहून मोठ्यानं म्हणाले. ऐकायला तिथं कुणी नव्हतं. समोर फक्त ती तांब्याची डेग होती. माझ्या कमरेपर्यंत उंच, तोंड जमिनीला टेकलेलं, बूड आभाळाकडे, आणि अंगावर काजळीचा इतका जाड थर की तांबं कुठं आहे हे विश्वासावरच मानायचं. मी जन्मल्यापासून ती अशीच पाहत होते. आमच्या वस्तीत जन्मलेल्या सगळ्यांनी ती अशीच पाहिली होती.

आमचं गाव हिंगणीच्या अलीकडे आहे. मी सिंदी मेघेला खोली करून राहते, सावंगीला प्रयोगशाळेत नोकरी करते, आणि बुद्धपौर्णिमेला न चुकता गावी येते. पौर्णिमेला विहारात खीर असते. सेलूच्या केटररचे जर्मनचे गंज, म्हणजे मोठाली पातेली, येतात, त्यांत खीर शिजते आणि वस्ती जेवते. वरच्या आळीतले शेतकरी आम्हाला रोज भेटतात, आमच्यासोबत ऑटोत बसतात, लग्नपत्रिका देतात. पौर्णिमेला मात्र डबा पाठवतात. खीर घरी नेतात. पंगतीला कुणी बसत नाही आणि का बसत नाही हे कुणी विचारत नाही. मला या गोडगोड वागण्याचा कंटाळा आला होता.

म्हणून यंदा मी थेट आनंदाबाईंकडे गेले. जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरात त्या अगदी लहान वयात सून होऊन आल्या, आणि आज वरच्या आळीत त्यांच्यापेक्षा वयानं मोठं कुणी नाही. त्या बसल्या की आळी बसते. त्यांनी माझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं, चहा दिला, मग खीर कशात शिजवता म्हणून विचारलं. केटररच्या गंजात, मी सांगितलं.

"आमच्या घरून तिकडं गेलेली डेग हाय न विहारामागं," त्या म्हणाल्या. "तिच्यात शिजलं तं येईन मी."

माझा चुलतभाऊ अश्वजित विहार समितीत आहे. तो पोट धरून हसला. म्हणाला, बुढीनं तुला सरळ नाही म्हटलं आणि तुला कळलंही नाही. पण मी शब्दाला शब्द धरून चालणारी आहे. वर्ध्याचे कल्हईवाले चाचा पौर्णिमेच्या सकाळी येणार असं ठरवून टाकलं. कल्हईशिवाय तांब्यात दूध आटवणं म्हणजे विष कालवणं. आणि कल्हई करायची तर भांडं आधी स्वच्छ हवं. अश्वजितनं तेवढीच सवलत दिली: चाचा येईपर्यंत डेग घासून तयार असेल तर डेग, नाहीतर केटररची गाडी उभी आहेच.

माझ्या हातात एक दिवस होता.

२

वैशाखातली सकाळ आमच्याकडे सकाळ नसतेच. सूर्य वर आला की लगेच दुपार. छपरीचा टिन तडतडत होता. मी खुरप्यानं काजळी खरवडायला घेतली. ती पापुद्र्यांनी निघत होती, झाडाच्या सालीसारखी. खाली ओलवलेली राख, मग विटेचा भुगा, मग चिंच आणि मीठ. चिंचेचा पहिला हात फिरला आणि तळव्याएवढं तांबं असं लाल होऊन समोर आलं की मी एकटीच हसले. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा मला असा आनंद एकाही परीक्षानळीनं दिला नव्हता.

मला वाटतं, त्याच आनंदात मी बराच वेळ ते ऐकलं आणि ऐकलं नाही.

घासताना आवाज होतोच. काथ्याचा खरखराट, भुग्याचा करकराट. त्या आवाजात एक बारीक किणकिण होती. हात पुढे गेला की किण, मागे आला की किण. काचेच्या बांगड्या भांड्यावर आपटतात तशी. घराघरांतून रोज येणारा आवाज आहे तो, त्यामुळे कानाला त्याचं काही वाटत नाही.

मी बांगड्या घालत नाही. घड्याळ काढून खांबाच्या खिळ्याला अडकवलं होतं.

मी हात थांबवला. किणकिण थांबली. पुन्हा घासलं, पुन्हा किणकिण. तापलेलं तांबं प्रसरण पावतं आणि वाजतं, हे मी स्वतःला समजावलं. पोकळ भांड्यात आवाज घुमतो, बदलतो. हे सगळं खरं आहे. मी कुणालाही पुस्तकातून दाखवू शकते. मी अजून जोरानं घासायला लागले.

३

डेगीचा निम्मा घेर लाल झाला तेव्हा बाहेर चिटपाखरू नव्हतं. वस्तीतले दरवाजे लोटलेले, कूलर घरघरत होते. मी काथ्या गोल गोल फिरवते. लहानपणापासूनची सवय. आणि माझ्या हाताखाली, तांब्याच्या पलीकडे, कुणीतरी उभं घासत होतं. वरून खाली, वरून खाली.

मी थांबले. ते एक हात उशिरा थांबलं.

एकच हात. वरून खाली, आणि मग शांत. प्रतिध्वनी असतो तो आपल्यासारखाच असतो. गोल घासल्याचा उभा प्रतिध्वनी येत नाही.

घुशी, मी म्हटलं. खाली बीळ असेल. मग मला माझाच राग आला, कारण घूस आहे की नाही हे बघायची साधी पद्धत होती आणि मी ती टाळत होते. प्रयोग करायचा तर नीट करायचा. मी उजवीकडे सरकले, घासलं. आवाज उजवीकडे आला. वाकून खालच्या कडेपाशी घासलं. आवाज खाली आला. मी काथ्या ठेवला आणि नुसता तळवा तांब्यावर टेकवला.

उन्हात ठेवलेल्या तांब्यावर हात ठेवून बघा. चटका बसतो. सबंध डेग तशीच तापलेली होती. फक्त माझ्या तळव्याखालची जागा गार होती. ओलं फडकं ठेवल्यासारखी गार. मी हात वितीभर सरकवला. तिथं चटका बसला. मग हळूहळू तिथलाही चटका निवत गेला, कुणीतरी पलीकडून हात सरकवून पुन्हा माझ्या हाताला लावावा तसा.

मी पळाले नाही. चालत बाहेर आले. पण चप्पल छपरीतच राहिली आणि रस्त्याचं डांबर पायाला लागतंय हे मला धुरपता आजीच्या दारात पोचल्यावर कळलं.

४

धुरपता आजीचं घर विहाराला लागून आहे. तिच्या स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजे छपरीची भिंत. तिनं माठातलं पाणी दिलं, माझे काळे हात बघितले आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं.

"घासून राह्यली काय ते तुह्यासंगं?"

मी काय म्हणावं? मी आजवर गावात अंगात येण्याविरुद्ध बोलले, लिंबू-मिरचीविरुद्ध बोलले, याच आजीला मी जटा कापायला लावल्या. बाबासाहेबांनी आपल्याला कशातून बाहेर काढलं, हे मी याच ओट्यावर बसून तिला ऐकवलं होतं. मी म्हटलं, आत घूस आहे.

आजी म्हणाली, असेल. आपणही लग्न होऊन या घरात आल्यापासून भर दुपारची ती घूस ऐकतोय. मग कांदा चिरता चिरता तिनं जे सांगितलं ते तेवढंच होतं, आणि मी ते तेवढंच लिहिते. मालगुजाराच्या घरी मोठा स्वयंपाक झाला की डेग अंगणात पालथी करून ठेवायचे. आमच्या बायकांना बोलवायचे. बाहेरची काजळी आमच्या बायकांनी घासायची. आतून घासायला त्यांच्या घरच्या. आमच्या हातचं बाहेरचं अंग विस्तवावर शेकलं की त्यांना चालायचं. आत हात गेलेला चालायचा नाही. हा नेम होता आणि तो बायका पाळायच्या.

"एकदा माह्या आत्यानं आतून हात लावला," आजी म्हणाली. "आनंदाबाई नवी सून होती तवा. मंग ते डेग इकडं आली."

"अन् आत्या?"

आजीनं कांदा तेलात टाकला. चर्र आवाज झाला. तिनं माझ्याकडे पाठ केली आणि भाजी हलवत राहिली. नंतर कढई उतरवेपर्यंत मी थांबले, तरी ती वळली नाही. जाताना तिनं फक्त एक विचारलं: काउन उकरून राह्यली? मी म्हटलं, उद्या सगळं गाव तिच्यातलं जेवेल म्हणून.

मला भीती वाटत होती. पण रस्त्यानं परत जाताना भीतीपेक्षा संताप मोठा झाला. आपल्या वस्तीनं ती डेग सत्तर वर्षं पालथीच ठेवली. ज्यांनी टाकली त्यांचा नेम आपण इमानानं पाळत बसलो. बाहेरून बघायचं, आत हात घालायचा नाही.

५

उन्हं उतरली तेव्हा बाहेरून सगळी डेग लाल सोन्यासारखी झाली होती. माझ्या बोटांची सालं निघाली होती. आतलं घासणं थांबलं नव्हतं. मी थांबले तरी ते आता थांबत नव्हतं.

अश्वजित आला, सोबत निकेश आणि आणखी दोघं, डेग उलथवायला. निकेश म्हणाला, रोशनीताईनं तर डेगीले ब्यूटी पार्लर करून देल्लं. सगळे हसले. मग त्यांनाही ऐकू आलं आणि हसणं विरलं. अश्वजित म्हणाला, साप असेल. साप घासत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

त्यांनी कडेखाली लोखंडी सबल, म्हणजे पहार, घातली आणि जोर लावला. चार जवान पोरं. कड वीतभर उचलली गेली आणि तिथंच अडली. फटीतून गार हवा आली, आणि वास. ओल्या राखेचा आणि चिंचेचा, नुकतीच भांडी घासलेल्या मोरीचा. आमच्याकडे महिनाभर पाऊस नव्हता. छपरीची जमीन भुगा होऊन उडत होती.

निकेशनं सबलीखाली वीट सरकवली आणि मागं झाला. अश्वजितनं खिशातून फोन काढला. केटररला फोन करतो म्हणाला, तो आवाज त्याचा वाटत नव्हता.

मला आठवतं, त्या क्षणी मी काही विचार केला नाही. विचार केला असता तर अश्वजितचं ऐकलं असतं. केटररची गाडी आली असती, आनंदाबाई घरी बसल्या असत्या, वरच्या आळीनं डबे पाठवले असते आणि डेगीचं तोंड पुन्हा जमिनीला टेकलं असतं. मी चिंचेचा नवा गोळा घेतला, कोरा काथ्या घेतला, जमिनीवर आडवी झाले आणि फटीतून हात आत घातला. खांद्यापर्यंत.

आत गार होतं. हात पुढे केला, अजून पुढे. बोटांना काही लागलं नाही. मी मूठ उघडून तळवा वर केला आणि तशीच राहिले.

मग माझ्या तळव्यावरून काथ्या उचलला गेला.

ओरबाडला नाही. आपण एखाद्याच्या हातून घासणी घेतो तसा, हलकेच. ओली बोटं तळव्याला लागली. आणि मनगटापाशी काच वाजली, किण.

मी हात बाहेर काढला. तो रिकामा होता आणि मनगटापर्यंत ओला होता. पोरं कधीच छपरीबाहेर गेली होती. एकटा अश्वजित उंबऱ्याजवळ उभा होता, माझ्या हाताकडे बघत. मी त्याला सांगितलं, फोन ठेव. मग उठून बसले, दुसरा काथ्या घेतला आणि बुडावर जिथं थोडा काळपटपणा राहिला होता तिथं घासायला लागले. आतून लगेच साथ आली. मी गोल, ती उभी. मला आता भीती वाटत होती की नाही हे मी सांगू शकणार नाही. पण मी गाणं म्हणत होते, जयंतीला म्हणतो ते, आणि मोठ्यानं म्हणत होते. अंधार पडायच्या आत आमचं काम झालं.

६

पौर्णिमेच्या सकाळी डेग दोघांनी उलथली. अश्वजितनं एका बाजूनं, मी दुसऱ्या. काल अडली होती ती आज सहज आली.

खालची जमीन कोरडी ठणठणीत होती. मधोमध माझा काथ्या पडला होता, झिजून नुसते दोरे झालेला. त्याच्या बाजूला चिंचेचा चोथा. हातातून पडला असेल, असं मी आधी म्हणणार होते. पण न वापरलेला काथ्या पडल्यानं झिजत नाही.

कल्हईवाले चाचा भाता, कोळसा, कापूस, नवसागर घेऊन आले. डेगीत डोकावले आणि माझं कौतुक करायला लागले. म्हणाले, बेटा, लोक बाहेरून चमकवून आणतात, आतलं माझ्यावर सोडतात. हे आतून कोणी घासलं? एक डाग नाही. मी म्हटलं, आमच्याच एका बाईनं. अश्वजित दुसरीकडे बघत राहिला.

चाचांनी भट्टी पेटवली. डेग तापली. नवसागर टाकला तसा पांढरा धूर उसळला, त्यात त्यांनी कथलाची कांडी टेकवली आणि कापसाचा बोळा झरझर फिरवला. तांब्यावर चांदी पसरत गेली. मी धुरात डोळे चोळत वाकून बघत होते. वितळलेलं कथील थंड व्हायच्या आधी क्षणभर आरशासारखं असतं. त्या आरशात माझा चेहरा दिसला, घामानं डबडबलेला. माझ्या खांद्याशी आणखी कुणीतरी वाकलं होतं. कपाळावरचं हिरवं गोंदण मला स्पष्ट दिसलं. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती डेगीचं आतलं अंग सगळीकडून बघत होती, आपण केलेलं काम माणूस बघतो तसं.

बोळा तिथून फिरला आणि फक्त चकाकी उरली. मी मागं वळले. मागं धूर होता.

"झालं, बेटा," चाचा म्हणाले. "आता शिजवा काय शिजवायचं ते."

७

खीर शिजली. दूध, तांदूळ, साखर, वेलची. वस्तीतल्या बायकांनी आळीपाळीनं ढवळली. धुरपता आजी पहिल्यांदाच छपरीत आली, डेगीत डोकावली, आणि पदरानं तोंड पुसून ढवळायला बसली. तिला कुणी उठवू शकलं नाही. खाली झोंबणारा जाळ होता, वर ऊन होतं, आणि पंचशील ध्वजाखाली सतरंज्या अंथरल्या जात होत्या. अश्वजितनं केटररला फोन करून गाडी नको म्हणून सांगितलं, तेव्हा त्याचा आवाज पुन्हा त्याचा झाला होता.

दुपार कलली. वस्ती जमली. वरच्या आळीच्या वळणावर मी डोळे लावून उभी होते. डबे घेऊन पोरं येतील, मी मनाला सांगत होते. अपेक्षा ठेवायची नाही.

आनंदाबाई काठी टेकत आल्या. एकट्या नाही. मागे सुना, नातवंडं, शेजारी, आणि त्यांच्यामागे बघत बघत सगळी आळी. कुणाच्या हातात डबा नव्हता. मी पुढे धावले, जयभीम म्हटलं. त्यांनी हात जोडले. डेग बघायची आहे म्हणाल्या. मी नेलं. त्यांनी डेगीच्या बाहेरच्या अंगावरून हात फिरवला, मग कडेवरून आत, कल्हईवर, खिरीच्या वाफेत. चटका बसला असेल. त्यांनी हात काढला नाही.

मग त्या पंगतीत बसल्या, जमिनीवर, सतरंजीवर. त्या बसल्या तशी आळी बसली. वस्ती आणि आळी एका ओळीत, गुडघ्याला गुडघा लावून, समोर पत्रावळी. मी वाढत होते आणि माझे पाय जमिनीला लागत नव्हते. एवढं एक मला बघायचं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. डेगीतून खीर निघत होती, त्या डेगीतून, आणि सगळं गाव खात होतं.

आनंदाबाईंच्या पत्रावळीवरची खीर तशीच होती.

त्यांनी घास घेतला नव्हता. त्यांच्या सुना थांबल्या. सुना थांबल्या तशी ओळ थांबली, एकेक हात पत्रावळीवर अडला. त्या उठल्या तर सगळे उठतील, हे माझ्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं. अश्वजित दुरून माझ्याकडे बघत होता. मी आनंदाबाईंपाशी उकिडवी बसले आणि काय कमी आहे म्हणून विचारलं.

त्यांनी लुगडं सावरलं, थोड्या सरकल्या, आपली पत्रावळ बाजूला ओढून घेतली आणि सतरंजीवर एका माणसाची जागा केली. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे होती, डेगीकडे. तिथं कुणी नव्हतं. वाढणारे सगळे पंगतीत होते.

"ते बाई केव्हाची उभी हाय," त्या म्हणाल्या. "तिले म्हना, माह्या बाजूले जागा हाय."